आत्यांचं पाळणाघर आणि माझी तयारी

जगातली सगळी मोठी माणसं मुळात तीन वर्षांचीच असतात, फक्त मोठ्या मापाचे कपडे घालून हिंडतात, यावर आमच्या हिच्या आत्यांइतका गाढ विश्वास मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. मी मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. बैठकीत माणसं दाटीवाटीने बसलेली, समोर पोह्यांची बशी, आणि मी जितकं गंभीर दिसता येईल तितकं दिसत होतो. आत्या आतून आल्या, माझ्याकडे एकवार निरखून पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "आधी मागच्या दारी जाऊन या बघू. मग पोहे खा." माझे कान तापले. पण त्याहून अपमानाची गोष्ट ही की मला खरोखरच जायचं होतं. पोस्टमन आला की त्याला पायरीवर उभा करून त्या त्याच्या शर्टाचं बटण लावून द्यायच्या. नारळ काढायला आलेल्या माणसाने वर चढताना कुरकुर केली तर म्हणायच्या, "झोप नीट झालेली नाही याची." त्यांचे दीर म्हणजे साठीला आलेले, भरघोस मिशांचे गृहस्थ, पंचायतीत ते टेबलावर मूठ आपटायचे तेव्हा पेपरवेट उडायचा म्हणे. ते घरात ओरडायला लागले की आत्या शांतपणे एक वेलची केळं सोलून त्यांच्या हातात द्यायच्या आणि आम्हाला हळूच सांगायच्या, "भूक लागलीय." दीर केळं संपेपर्यंत गप्प असायचे, आणि संपल्यावर कशावरून ओरडत होतो ते त्यांना आठवत नसे.

मोठ्यांना असं वागवणाऱ्या आत्या लहान मुलांशी मात्र वडीलधाऱ्यांशी बोलावं तसं अदबीने बोलत. वसईकडच्या गास गावी त्यांच्या सासरची केळीची आणि मोगऱ्याची वाडी. ऐंशी सालाच्या आसपास नालासोपारा स्टेशनकडे नव्या बिल्डिंगा उठू लागल्या आणि मुंबईत जागा न परवडणारी नवराबायको तिथं येऊन राहू लागली. दोघंही नोकरीला. अशा एका बाईने एका दिवसापुरतं म्हणून आपलं पोर आत्यांकडे सोडलं, आणि वर्षभरात वाडीत दहा-बारा पोरं झाली. आत्यांना त्यांची नावं कधी पाठ झाली नाहीत. त्या पोरांना आयांच्या नोकऱ्यांवरून ओळखायच्या. "अहो टेलिफोन, नाक पुसायला देता का?" किंवा "बँकबाई, आपण पाटावरून उतरावं," असं चालायचं. नुसती अदब नव्हे, त्या पोरांचा सल्लाही घ्यायच्या. एकदा केळ्यांचा व्यापारी दारात उभा असताना त्यांनी पोस्टाला, म्हणजे पोस्टातल्या बाईंच्या साडेतीन वर्षांच्या चिरंजीवांना, विचारलं, "काय करू? देऊ का घड?" पोस्ट म्हणालं, "नको, माझेत." व्यापारी रिकाम्या हाताने गेला. पुढच्या आठवड्यात भाव चढला, हा निव्वळ योगायोग. पण त्यानंतर दीरसुद्धा पोस्टाकडे जरा आदराने बघू लागले.

सगळं असं चाललेलं असताना एका दुपारी वाडीतल्या बावखलात पोराची चप्पल तरंगताना दिसली. बावखल म्हणजे झाडांना शिंपण्यासाठी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. तिकडच्या प्रत्येक वाडीत ते असतंच, आणि उन्हाळ्यातही त्यात माणूस बुडेल इतकं पाणी असतं. दिरांनी धोतरासकट उडी मारली. तळ चाचपून झाला. मग मोगऱ्याच्या वाफ्याआड चपलेचे मालक एका पायात चप्पल घालून माती खात बसलेले सापडले. दीर ओलेचिंब वर आले, पण ओरडले नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, आता बास. कुणा सरकारी माणसाने येऊन, बघून, हे ठीक आहे असं लिहून दिलं तर राहू द्या पोरं. नाहीतर दिवाळीनंतर वाडीत एक पोर दिसता कामा नये." आत्यांना मूलबाळ नव्हतं आणि नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी त्या दिवशी दिरांना केळं दिलं नाही. बावखलाभोवती दिरांनी दुसऱ्याच दिवशी बांबूचं कुंपण घातलं, आणि आत्यांनी मला बोलावणं पाठवलं.

मला का, तर मी मास्तर. शाळेची तपासणी म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! आदल्या वर्षीच्या तपासणीत मी फळ्यावर सुंदर अक्षरात सुविचार लिहिला होता आणि त्याच्या खालचं 'गप्प बसा रे गाढवांनो' पुसायचं विसरलो होतो. पण हे मी आत्यांना सांगितलं नाही. अर्ज मीच लिहिला. तपासणीच्या बाई ठाण्याहून येणार असं उत्तर आलं आणि मी तयारीला लागलो. पडवीला चुना दिला. सकस आहाराचा तक्ता काढून टांगला, त्यातली पपई बघून दीर म्हणाले, "जावईबापू, उंदीर चांगला जमलाय." मग मी पोरांना एका सुरात 'नमस्ते बाई' म्हणायला शिकवलं. ती इतकी तयार झाली की कावळ्याला, बैलाला आणि दाढी करत बसलेल्या दिरांनाही 'नमस्ते बाई' म्हणू लागली. उरला एकच प्रश्न, शांततेचा. तपासणीला आलेल्या माणसाला शांतता फार आवडते, हा माझा अनुभव. ही म्हणाली, "अहो, ही तुमच्या शाळेतली पोरं नव्हेत. ही नाही गप्प बसायची." मी म्हटलं, "बसतील. त्यांना दमवलं की बसतील." ही म्हणाली, "मग तुमचं तुम्ही बघा," आणि त्या दिवशी मुद्दाम माहेरी निघून गेली. तिच्या शहाणपणाचे असे पुरावे तिने नेहमीच स्वतःच्या गैरहजेरीत जमवले आहेत.

तपासणीच्या सकाळी मी रजा काढून वाडीत हजर झालो आणि वाघ झालो. केळीच्या रांगांमधून मी डरकाळ्या फोडत पोरांच्या मागे धावलो. नंतर पोरं वाघ झाली आणि माझ्या मागे धावली. बाईंचा टांगा लवकर येईना, म्हणून मी आणखी पळवलं. शेवटी आत्यांनी सगळ्या वाघांना पडवीत बसवून गरम पेज दिली, मलाही दिली, आणि वाट्या हातात असतानाच पोरं एकेक करून आडवी झाली.

टांगा आला तेव्हा वाडीत पान हलत नव्हतं. बाई पस्तिशीच्या, किडकिडीत, खांद्याला पिशवी, काखेत छत्री. "मुलं कुठं आहेत?" आत्यांनी चटईकडे बोट केलं. बाईंनी घड्याळ पाहिलं. भर सकाळी सगळी पोरं तोंडं उघडी टाकून झोपलेली. त्यांनी बँकबाईंना हलवलं. बँकबाई हलल्या आणि परत पडल्या. बाईंनी खाली वाकून पोराच्या तोंडाचा वास घेतला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"काय दिलंय यांना?"

"पेज," आत्या म्हणाल्या.

"पेजेत काय?"

"मीठ. जरा तूप."

"हे पाहा," बाई म्हणाल्या, "पोरं गप्प राहावीत म्हणून अफू चाटवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्यापासून लपवू नका."

दारात उभे असलेले दीर ताठ झाले. मी पुढे झालो. "मॅडम, तसं काही नाही. मी यांना सकाळपासून पळवलं. मुद्दाम."

"का?"

"तुम्ही येणार म्हणून," असं सांगतानाच मला जबड्याचं हाड निखळेल एवढी जांभई आली. बाईंनी माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुम्हीही तीच पेज घेतलीत?" मी मान हलवली, आणि आमची बाजू जी काही उरली होती तीही संपली.

आत्या इतका वेळ बाईंचा चेहरा बघत होत्या. "सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या," त्या म्हणाल्या. "पाय धुवा. बसा इथं. त्याच भांड्यातली पेज देते."

"मी कामावर आलेय."

"हो, हो. खाऊन करा काम. पोरं उठेपर्यंत बसायचंच आहे ना?"

बाईंनी भांड्यात डोकावून पाहिलं, डाव फिरवून पाहिला, आणि बहुधा तपासणीचाच भाग म्हणून पेज घेतली. मग आणखी घेतली. मग खांबाला टेकून वही उघडली, मोगऱ्यावरून वारा आला, आणि थोड्याच वेळात वही मांडीवरून घसरून बाईही झोपल्या.

दिरांनी मला कोपऱ्यात ओढलं. मिशा थरथरत होत्या. "जावईबापू, आता खरं बोला. काय आहे त्या पेजेत?"

आत्यांनी बाईंच्या मानेखाली उशी सरकवली आणि पायांवर चादर घातली. पोरं उठू लागली तशी आत्यांनी प्रत्येकाला कानात सांगितलं, "हळू हं. त्या झोपल्यात." जी शांतता मला वाघ होऊन आणता आली नव्हती ती तेवढ्याने आली. पोरं बाईंभोवती गोल करून बसली. बाईंनी डोळे उघडले तर समोर डझनभर टक्क जागे चेहरे. टेलिफोनने विचारलं, "अजून झोपायचंय का?"

बाई उठून बसल्या. मग हसल्या, केस सारखे केले, आणि हळूच म्हणाल्या, "घरी उठल्यापासून निजेपर्यंत मीच सगळ्यांना हाका मारते हो, मला असं कुणी विचारत नाही." त्यांनी मग रीतसर सगळं पाहिलं. परवानगी दिली. कुंपण आणखी हातभर उंच करावं, पोरांची खरी नावं लिहून ठेवावीत, आणि 'मुलांना विनाकारण पळवू नये' असा शेराही दिला. सरकारदरबारी माझ्या कार्याची नोंद झाली ती एवढीच.

संध्याकाळी आया आल्या, पोरं गेली. दीर कुंपणासाठी बांबू मोजायला गेले. आत्या पायरीवर बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. मी शेजारी बसलो. त्या म्हणाल्या, "बाई नाही म्हणाल्या असत्या, तर उद्या सकाळी उठून मी काय केलं असतं हो?"

मी म्हटलं, "असं कसं म्हणाल्या असत्या!" हे उत्तर नव्हे, हे मलाही कळत होतं. आत्यांनी मान डोलावली आणि त्या अंगणात बघत राहिल्या. अंगणात कुणी नव्हतं.