पाइपाच्या आतलं

दुकानदाराने चौकोनी पाइपांना आधीच तांबडा रंग मारून ठेवला होता, तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

आमच्या ह्यांना जीपमागच्या ट्रॉलीवर झोपण्यापुरती खोली बांधायची आहे. प्रवासाला निघताना चढवायची, घरी आलो की उतरवून ठेवायची. तिच्या सांगाड्याचं लोखंड निवडायला आम्ही आलो होतो.

"गंजू नये म्हणून रंग लावलाय, ताई," दुकानदार म्हणाला. गंजू नये म्हणून, की गंज दिसू नये म्हणून? मी पाइप बोटांनी वाजवून पाहिला, माठ घेताना वाजवतो तसा. तडा गेलेला माठ बद्द वाजून कबूल तरी करतो. लोखंड मात्र खणखणीत खोटं बोलू शकतं.

"जरा विश्वास ठेवायला शीक," हे मला म्हणाले.

ठेवते की. पण जी खोली सुटावी म्हणूनच जोडायची, ती घाटातल्या वळणावर डुलायला लागली, तर विश्वासाला कुठे धरायचं? पोकळ वस्तू आतून गंजतात आणि रंग बाहेरून लागतो. माणसांचंही फार वेगळं नसावं. सगळ्यात ताजा रंग दिसला की मी तिथेच थांबते.

शेवटी लोखंडी घोडीवर आडव्या ठेवलेल्या पाइपाच्या तोंडाला मी डोळा लावला. पलीकडे उजेडाचा लहानसा चौकोन दिसत होता. तो एकदम काळा झाला.

मी मान वर केली. पलीकडच्या टोकाला हे वाकले होते, एक डोळा घट्ट मिटून.