चौथं टोपण

सुट्या भागांच्या कोठारातल्या या माणसाला सगळा हवाई तळ टोपणकाका म्हणायचा. तोफा, ट्रक, वेळ पडली तर बंद पडलेलं दुसरं हेलिकॉप्टरसुद्धा पोटाखाली टांगून नेणारं ते अजस्र लष्करी यंत्र, आणि काका त्याच्या अगदी पहिल्या नमुन्यापासूनचे. चाचणीच्या दिवसांत कुणीतरी पंपाच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं टोपण काढायला विसरलं. तेल अडलं, नमुना आदळला. तेव्हापासून टोपणं लाल झाली आणि नियम पडला: भाग बसवला की त्याची टोपणं आधी कोठारात परत, मगच पाती फिरणार. असे कितीतरी नियम लोकांनी गुंडाळून ठेवले, काकांनी हा मात्र जिवापाड जपला.

त्या दुपारी पुरात अडकलेल्या इस्पितळाला जनरेटर पोचवायचा होता. नवा पंप बसवला तो काकांच्या लेकीने, आणि उड्डाण अभियंता म्हणून बरोबर जाणारही तीच. धावतपळत येऊन तिने टोपणं बापाच्या हातावर ठेवली. जगातल्या प्रत्येकाची टोपणं मोजणाऱ्या काकांनी लेकीची तेवढी न मोजता खिशात टाकली.

मग खिशात हात गेला. तीनच. पंपाला तोंडं चार.

काकांनी दुसरा खिसाही चाचपला. चौथं आलंच नव्हतं, की आपणच कुठे टाकलं? काही केल्या आठवेना. थोरल्या भावाची सुरुवात अशीच झाली होती. शेवटी त्याला स्वतःचं दारही ओळखू येईना. गप्प बसावं तर पोरगी वर जाणार, बोलावं तर म्हातारा विसरायला लागला हे जगजाहीर होणार. काका धावत जाऊन यंत्राच्या नाकासमोर उभे राहिले.

पंप उतरवला. आत टोपण नव्हतं, तो परत बसवला. चौथं काकांनीच हरवलं असं धरून तळाच्या प्रमुखांनी आवाज न चढवता, उद्यापासून घरी आराम करा, असं सांगितलं. लेक मान खाली घालून यंत्रात चढली. काका कोठारात येरझाऱ्या घालत राहिले. कपाटाखाली पाहिलं, डब्यात पाहिलं, खिसा तर दहादा उलटा केला.

यंत्र परतलं तशी लेक प्रमुखांना घेऊनच कोठारात आली. तिने टेबलावर लाल टोपण ठेवलं.

"बाबा, माझ्या खिशात होतं. वर गेल्यावर हाताला लागलं. साहेबांना सांगितलंय."

"म्हणजे तू तीनच दिली होतीस?"

"तीनच."

काकांना इतका आनंद झाला की ते मोठ्याने हसले. डोकं शाबूत होतं! मग त्यांना तिचा चेहरा दिसला, आणि आपण नेमके कशावर हसलो याची त्यांना लाज वाटली. त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

"बस. न मोजता घेतली ती मी. यापुढे लेक म्हणून सूट नाही."

प्रमुख म्हणाले, उद्या वेळेवर या. काकांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष पुन्हा पुन्हा आपला खिसा चाचपणाऱ्या लेकीकडे होतं. स्वतःची काळजी मिटली होती. आता तिची सुरू झाली.