बार्बेक्यूची जाळी आणि तारेचा ब्रश

आमच्या घरात बार्बेक्यूची शेगडी आली ती ह्यांच्या हौसेने. लातूरच्या आमच्या गच्चीवर तिच्यावर पनीर, वांगी, मक्याची कणसं भाजायची, एवढंच. घर माळकरी नसलं तरी लिंगायताचं. सासूबाईंच्या गळ्यात इष्टलिंग, आणि अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. तरी ह्यांनी शेगडी मित्राला दिली. त्याने तिच्यावर कोंबडी भाजली आणि वर हसत सांगूनही टाकलं. आमच्या ह्यांचं असंच, आ बैल मुझे मार!

मी म्हटलं, नवी जाळी आणू. सासूबाई म्हणाल्या, "कशाला? घासली की झालं. लोखंडाला काय चिकटून राहतंय व्हय?"

घासायलाही माझी ना नव्हती. जाळी तापवायची, म्हणजे चिकटलेलं जळून सुटतं. कोमट झाली की पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा बोळा चिमट्यात धरून वरून फिरवायचा. राहिलंच काही तर सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून नारळाच्या शेंडीने घासायचं आणि ओल्या फडक्याने पुसायचं. हे मी त्यांना तीनदा सांगितलं. पण त्यांना मळ काढायचा नव्हता, कोंबडी काढायची होती. त्यांनी गेटाचा गंज काढायचा तारेचा ब्रश घेतला आणि पदर खोचून बसल्या.

"आई, त्याच्या तारा गळतात. जाळीला चिकटून खाण्यात जातील."

"तू गप बस गं. शेंडीनं इटाळ निघतोय व्हय?"

ह्यांच्याकडे बघितलं तर हे मोबाइलमध्ये. दगडावर डोकं आपटावं तसं झालं मला. सकाळी घासून झालं, दुपारी परत घासलं. जाळी आरशासारखी चमकायला लागली आणि त्या चमकेवर सगळे खूश. मी फडक्याने पुसते म्हटलं, तर स्वयंपाकघरातलं फडकं तिला लावायचं नाही म्हणाल्या.

संध्याकाळी नांदेडहून नणंद आली. पहिलं कणीस सासूबाईंनीच खाल्लं, जाळी शुद्ध झाल्याचं सगळ्यांना दाखवायला. खाता खाता त्या थांबल्या, पाणी प्यायल्या आणि खाली निघून गेल्या. वय झालंय, दमल्या असतील, असं आम्ही समजलो.

दुसऱ्या दिवशी त्या पूजेला बसल्याच नाहीत. ताप असला तरी तळहातावर लिंग घेऊन बसणारी बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. चहा दिला तर गिळताना डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, नणंदेने विचारलं. मान हलवायच्या, बोलायच्या नाहीत. शेवटी मी ओरडलेच, आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी नळी घालून घशातून तार काढली. केसाएवढी, पण टोकदार. आणखी खाली गेली असती तर पोट फाडावं लागलं असतं म्हणाले. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं: सांगत होते की नाही, ऐकलं असतं तर. त्यांनी माझा हात ओढला आणि बसलेल्या आवाजात विचारलं,

"हाड न्हाई ना गं ते?"

मला क्षणभर कळेना. मग कळलं. घशात टोचलं तेव्हापासून ही बाई कोंबडीचं हाड पोटात गेलं असं समजून पडून होती. कुणाला सांगायची सोय नव्हती. बाटलेल्या अंगाने लिंगाला हात कसा लावायचा, म्हणून उपाशी, पारोशी.

"तार आहे, आई. ब्रशाची तार."

त्यांनी डॉक्टरांनी वाटीत ठेवलेली तार दोनदा निरखून बघितली आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. मला इतका संताप आला की कुणावर काढावा कळेना. जिवावर बेतलं होतं, आणि त्या डोळे पुसत मला विचारत होत्या, "मंग घरी जाऊन आंघोळ केली तर पूजा चालंल ना मला?"