दाजींचं जहाज
सागाच्या फळीवर पॉलिश पेपर फिरवला की जो गोडसर वास सुटतो, त्यानं मला अजून निमगाव केतकीतलं बहिणीचं घर आठवतं. दाजी तरुणपणी मालवाहू जहाजावर नोकरीला होते, पण वडील अंथरुणाला खिळले म्हणून ती सोडून गावी डाळिंबाची बाग बघायला आले. मला लाकडी जहाजं बनवायचा नाद. एका जुन्या फोटोवरून मी त्यांचं जहाज हुबेहूब तयार केलं आणि बारामतीहून एस्टीत मांडीवर धरून घेऊन गेलो. खोक्यातून काढताना कौतुकाची वाट बघत मी त्यांच्या तोंडाकडंच पाहत होतो. दाजींनी एका बारीक खिडकीवर बोट ठेवलं. “हितं झोपायचो मी,” एवढंच म्हणाले, आणि फवारणी राहिलीय असं पुटपुटत भर उन्हात बाहेर पडले. बहीण चहाचा कप घेऊन दारातच उभी होती. “कशाला आणलंस रं हे?” ती हळू आवाजात म्हणाली. “समुद्राचं नाव बी काढत न्हाईत ते. आता कुठं मन रमलं हुतं हितं.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जहाज परत खोक्यात घालू लागलो, तर तिनंच हात धरला. “ऱ्हाऊ दे. नेलंस तर त्यास्नी आणखी लागंल.” दाजी संध्याकाळी परतले, डोळे लाल, आणि “लई झ्याक केलंयस” म्हणाले. परवा त्यांनीच फोनवर हौसेनं विचारलं, “आता कुठलं जहाज करतोयस?” समोर टेबलावर अर्धवट जहाज होतं, तरी मी म्हणालो, “सोडलं दाजी ते सगळं.”