मोठी ऑर्डर

सीताबर्डीत एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं दुकान होतं. ऑफिसला लागणारी मशीनं आम्ही विकायचो आणि दुरुस्तही करायचो. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे टाइपरायटर होते. पुढे फॅक्स आले, मग झेरॉक्सची मोठी धुडं, मग प्रिंटर. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मीही काउंटरवर बसू लागले.

माझ्या मिस्टरांना बाजाराचा वास आधी यायचा. बाकीचे दुकानदार कंपनीची माहितीपत्रकं वाचून माल भरायचे. हे मात्र ऑफिसांमध्ये जाऊन बसायचे. चहा प्यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे, आणि कुठलं मशीन सारखं वापरात आहे, कशावर धूळ बसलीय, एवढं बघून यायचे. फॅक्सचा जोर होता तेव्हाच यांनी फॅक्स मागवणं थांबवलं. शेजारचा दुकानदार म्हणाला, "भाऊ, चालता माल काहून बंद करता?"

"लोक फॅक्स करतात अन् मग फोन करून विचारतात, मिळाला का म्हणून," हे म्हणाले. "मेल पाठवला का कोणी विचारत नाही. हे मशीन आता जाते, पाहा तुम्ही."

पुढे त्या शेजाऱ्याची फॅक्सची खोकी जिन्याखाली पडून राहिली. तोवर आम्ही झेरॉक्स, प्रिंट आणि स्कॅन एकातच करणारी मशीनं विकत होतो.

मग करोना आला. ऑफिसं घरी गेली, आणि परत आली तेव्हा अर्धीच आली. रामदासपेठेतल्या आमच्या काही गिऱ्हाइकांनी अख्खे मजले सोडून दिले. मोठ्या कंपन्या मशीन विकत घेईनाशा झाल्या. भाड्याने आणायच्या, जुनं झालं की बदलून मागायच्या. छोट्यांना प्रिंटर ऑनलाइन मिळायचे, तेही आम्हाला पडत त्याहून स्वस्त. सरकारी फायलीसुद्धा कॉम्प्युटरवरच फिरू लागल्या. आमच्याकडे उरलं ते टोनर भरणं आणि दुरुस्त्या. काउंटरवर बसून मलाही हे दिसत होतं. हे आता काहीतरी सांगतील, नेहमीसारखी वाट काढतील, म्हणून मी थांबून होते.

एका उन्हाळ्यात दुकानात फॅक्सच्या कागदाच्या रोलची खोकी आली. मी विचारलं, "अहो, हे कशाला?"

"लागतात वं," एवढंच म्हणाले.

कोणीतरी गळ्यात मारलं असेल असं मला वाटलं. मग एका वकिलाला यांनी प्रिंटरचा भाव इतका जुना सांगितला की तो हसायला लागला, त्याला ती थट्टा वाटली. कंपनीचा माणूस येऊन मशीन भाड्याने देण्याची नवी योजना समजावून गेला. हे मान डोलवत बसले होते. तो गेल्यावर मला म्हणाले, "हा काय सांगून राहिला होता?"

बाजारात यांच्याबद्दल बोललं जाऊ लागलं. काकाजींचा जमाना गेला, मार्केट बदललं, हे नाही बदलले. मुलगी हैदराबादहून फोनवर म्हणाली, "आई, बाबांना नवीन काही नकोच आहे. दुकान बंद करायला सांग." साऱ्यांचं म्हणणं एकच, आणि ते इतकं पटण्यासारखं होतं. एवढ्या दुकानदारांचं तेच झालं होतं. यांचंही झालं.

एका सकाळी हे बॅग घेऊन निघाले. रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलमध्ये डेमो आहे म्हणाले. ते आमचं जुनं गिऱ्हाईक, मला बरंच वाटलं. दुपारी तिथल्या ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. "वहिनी, घाई नाही, पण तुम्ही जरा येता का? भाऊ ठीक आहेत."

ऑटो करून गेले. मॅडमनी मला मीटिंगच्या खोलीच्या दारापाशी नेलं. आत लांब टेबल होतं, त्यावर काहीही नव्हतं. त्या रिकाम्या टेबलासमोर उभे राहून हे फॅक्स मशीन चालवून दाखवत होते. "कागद असा ठेवायचा, लिहिलेली बाजू खाली. मग नंबर दाबायचा." बोटं हवेत एकेक बटण दाबत होती. ऑफिसातली तीन माणसं खुर्च्यांवर बसून बघत होती. कोणी हसत नव्हतं.

मी आत जायला निघाले तर मॅडमनी माझा हात धरला. "होऊ द्या त्यांचं पूर्ण," त्या हळूच म्हणाल्या.

बसलेल्यांपैकी एका वयस्क माणसाने विचारलं, "भाऊ, लाइट गेली तर आलेला कागद जाईल का?"

यांचा चेहरा उजळला. किती दिवसांनी तो तसा दिसला. "चांगलं विचारलं तुम्ही," म्हणाले, आणि सगळं पुन्हा नीट समजावलं. मी दाराला टेकून उभी होते. हा माणूस शिकवताना किती सुंदर दिसतो, हे मी इतक्या वर्षांत काउंटरवरून कधी पाहिलंच नव्हतं. डेमोला हे एकटेच जायचे.

ऑटोत म्हणाले, "घेते वाटते ते लोक."

"घेतील," मी म्हटलं.

मॅडमनीच त्यांच्याकडच्या मेंदूच्या डॉक्टरांना वेळ मागितली. तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलले. विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणारा. आणि तो आज सुरू झालेला नाही, बरीच वर्षं आत काम करतोय. मी विचारलं, करोनाच्या वेळी होता का? ते म्हणाले, त्याच्याही आधीपासून असू शकेल.

म्हणजे हे बाजारात मागे पडलेच नव्हते. बाजार जसा पुढे चालला तसे हे तिथून एकेक पाऊल निघून जात होते, आणि दोन्ही एकाच वेळी घडल्यामुळे कोणाला वेगळं काही दिसलं नाही. मी घरी येऊन मुलीला सांगितलं. ती फोनवर बराच वेळ रडली. मला त्या दिवशी रडू आलं नाही. स्वयंपाक करायचा होता.

दुकान बंद करायचं ठरलं. जुन्या मशीनना आता गिऱ्हाईक नव्हतं. दोन बरी झेरॉक्स मशीनं एका सेकंड हँडवाल्याने घेतली, बाकीचा माल इतवारीतला भंगारवाला उचलणार होता. यांना त्या दिवशी घरी ठेवायचं असं मी ठरवलं होतं, पण शेजारीण गावाला गेलेली, एकटं कसं ठेवणार? सोबत नेलं.

हमाल मशीन उचलू लागले तसे हे खुर्चीतून उठले. मला धास्ती वाटली. यांनी मला विचारलं, "कुठं चालला माल?"

मी म्हटलं, "ऑर्डर आहे. मोठी ऑर्डर आहे."

"मले सांगितलं नाही तू," म्हणाले आणि शर्टाच्या बाह्या दुमडू लागले. मग जिन्यात उभे राहून प्रत्येक मशीन स्वतः उतरवून घेतलं. "सरळ धर गा. तिरपं नको करू, टोनर सांडते." वायरी गुंडाळून रबर लावले. एका मशीनची काच रुमालाने पुसली. भंगारवाला माझ्याकडे बघत होता. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून तो भला माणूस टेम्पो भरेपर्यंत थांबला. खाली तो निघताना यांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "काही अडचण आली तर फोन करा. मी स्वतः येईन."

टेम्पो वळणावर जाईपर्यंत हे बघत राहिले. समाधानाने. मी तोंड फिरवून जिन्याकडे बघत उभी राहिले, कारण तेव्हा मला रडू आलं.

आता हे घरीच असतात. मुलगी इथे आली आहे, पलीकडच्या खोलीत लॅपटॉपवर तिचं ऑफिस चालतं. तिच्या ऑफिसात तिला टेबलही नाही, जाऊन बसायचं झालं तर त्या दिवसापुरतं मिळतं. हे कधी तिला ओळखतात, कधी नाही. मला ओळखणं थांबलं ते मागच्या हिवाळ्यात. फार अदबीने वागतात माझ्याशी. जेवण वाढलं की "तुम्ही बसा ना, बाई" म्हणतात.

परवा दुपारी मी भाजी निवडत होते. हे खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, "तुमचे मिस्टर काय करतात?"

"दुकान आहे त्यांचं," मी म्हटलं. "ऑफिसच्या मशीनचं."

"चांगलं चालते का?"

"चालते."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "त्यांले सांगा, ऑफिसात जाऊन बसत जा म्हणा. दुकानात बसून काही समजत नाही."

सांगते, मी म्हटलं, आणि पुढची जुडी घेतली.