टापूवरचे मामा

एकदाही हिवताप न येता इतकं क्विनाईन प्यालेला माणूस अख्ख्या मध्यप्रांतात आमच्या मामेसासऱ्यांखेरीज दुसरा झाला नसेल, हे मी शपथेवर सांगते. तीस वर्षं मालगाडीचे गार्ड म्हणून काढून ते निवृत्त झाले आणि मामी गेलेल्या, मूलबाळ नाही, म्हणून धंतोलीत आमच्याकडे राहायला आले. ह्यांची सेक्रेटरिएटातली कारकुनी, माझं नवं लग्न, सासूबाईंचं सोवळं, आणि त्यात घरात एक गार्ड! जेवायला बसताना ते घड्याळ काढून ताटाशेजारी ठेवायचे. भात यायला वेळ झाला की "सूनबाई, तीन मिनिटं लेट," एवढंच म्हणायचे. रागानं नव्हे, माहिती म्हणून. बाहेर पडताना अंगणात थांबून माजघरापासून ओसरीपर्यंत सगळं घर एकवार नजरेखालून घालायचे, जणू एखादा डबा सुटून मागं राहील. मगच पाऊल उचलायचे.

त्यांची गाडी वैनगंगेच्या पुलाअलीकडे सिग्नलसाठी तास-तास उभी राहायची. खाली नदीचे दोन फाटे होऊन मध्ये एक टापू झालेला, त्यावर मासे मारणाऱ्या ढिवरांची वस्ती. पावसाळ्याचे चार महिने तिथे ना वैद्य पोहोचे ना मास्तर; उरलेले आठ महिने पोहोचण्यासारखं होतं, पण कोणी जात नसे. मामा शेवटच्या डब्यातून बघत राहायचे. पोरांची पोटं मोठी आणि पाय मात्र काटक्यांसारखे, हे त्यांना लांबूनही दिसे. पेन्शन सुरू झाल्यावर पहिल्याच शनिवारी ते औषधांची पेटी घेऊन निघाले. "तिथं तुमचं काय काम?" ह्यांनी विचारलं. मामा म्हणाले, "तीस वर्षं लांबून बघितलं. आता जवळून बघून येतो." आणि मग दर शनिवारी सकाळच्या गाडीनं जायचं नि रविवारी संध्याकाळी परतायचं, हे ठरूनच गेलं.

तसे ते डॉक्टर नव्हते, आणि आपण नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे महिनाभर बसून क्विनाईन किती द्यायचं, डोळे बोरिकच्या पाण्यानं कसे धुवायचे, जखम कशी बांधायची, एवढंच शिकले होते. त्यापलीकडचं काही दिसलं की रोग्याला नावेत घालून थेट भंडाऱ्याचा दवाखाना. पण टापूवरचे लोक ते कडू पाणी तोंडाला लावीनात. तेव्हा मामांनी सगळ्यांसमोर स्वतः घोट घेतला आणि म्हणाले, "पाहा, मेलो का?" एका म्हाताऱ्या ढिवरानं शांतपणे उत्तर दिलं, "आज नाही मेले गा. पुढल्या हप्त्यात पाहू." पुढल्या शनिवारी मामा जिवंत उतरलेले पाहिल्यावर म्हातारा प्याला. पण रीत पडली ती पडलीच. आधी मामा, मग रोगी. पंधरा रोगी असले की पंधरा घोट. घरी आल्यावर गुळाचा खडा तोंडात टाकून म्हणायचे, "कान जरा गुणगुणतात. गाडीचा आवाज बसलाय."

एका रविवारी मात्र ते आलेच नाहीत; सोमवारी संध्याकाळी परतले आणि दारातच उभे राहिले. घड्याळाकडे बघितलं नाही, की गूळ मागितला नाही. टापूवरच्या रेवता नावाच्या बाईनं लेकराच्या छातीला चोळायचं टर्पेंटाइनचं तेल त्याला पाजलं होतं. प्यायच्या औषधाची आणि तेलाची, दोन्ही बाटल्या सारख्याच. लेकराला मांडीवर घेऊन मामा नावेतून भंडाऱ्याला गेले, दोन रात्री दवाखान्याच्या ओट्यावर बसले. पोर वाचलं. "बाटलीवर मी लिहिलं होतं," ते म्हणाले. "चांगलं ठळक लिहिलं होतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण कोणासाठी लिहिलं होतं, सूनबाई?"

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सासूबाईंसमोर, म्हणजे आपल्या थोरल्या बहिणीसमोर, जाऊन बसले. "ताई, सूनबाई सातवी पास आहे. शनिवारी तिला माझ्याबरोबर पाठव." सासूबाई उडाल्याच. "ढिवरांच्या टापूवर? घरची सून? लोक काय बोलतील?" मामा म्हणाले, "बोलू दे. त्या पोराचं तर बोलणंच बंद होणार होतं." सासूबाई उठून देवघरात गेल्या. शुक्रवारी संध्याकाळी बघते तर माझ्यासाठी दशम्या त्यांनीच बांधून ठेवल्या होत्या.

नावेत मी डोळे मिटून बसले होते, ते टापूला लागल्यावरच उघडले. मोहाच्या झाडाखाली फळा टांगला. ग म भ न नाही, काही नाही. पहिल्या दिवशी दोनच शब्द शिकवायचे, असा मामांचा हुकूम होता. 'पी' आणि 'लाव'. पोरांच्या पुढे, अगदी पहिल्या रांगेत, रेवता येऊन बसली. कोणी तरी हसलं. ती मागं न वळता म्हणाली, "हासा गा. तुमच्यावर नाही आली अशी वेळ." तिसऱ्या शनिवारी तिनं दोन बाटल्या हातात घेतल्या, ओठ हलवत बराच वेळ बघितलं आणि एक उंच धरली. "हे पी." दुसरी धरली. "हे लाव." मामांनी पाठ फिरवून उगाच नदीकडे बघितलं.

चार वर्षं मी गेले. तिथे मला कोणी सूनबाई म्हणत नसे, 'मास्तरीणबाई' म्हणत. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडाला तरी कोणाचं लक्ष नसे. बायका उकडलेले शिंगाडे सोलून माझ्यापुढे ठेवायच्या आणि मी खाल्ले की त्यांना कोण आनंद व्हायचा! आठवड्याचे पाच दिवस मी धंतोलीत काढीत होते. जगत होते ते शनिवारी.

मग मामा म्हणू लागले, "तुम्ही सगळे हल्ली फार पुटपुटता." डॉक्टरांनी कान तपासले, हे क्विनाईनमुळेच म्हणाले आणि ते चाखणं बंद म्हणून सांगितलं. मामांना ते ऐकू आलं नाही. मी पाटीवर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "मग ते लोक कसे पितील?" टापूवर मी ही गोष्ट सांगितली. रेवता उठली. "मामा, आता तुमी नोका पिऊ," ती त्यांच्या तोंडासमोर येऊन हातवारे करत ओरडली, "मी पिते!" बाटलीवरचं वाचून तिनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि मागून सगळी रांग प्याली.

पण गेलेले कान आले नाहीत. एकदा स्टेशनजवळ रूळ ओलांडताना मागून आलेलं इंजिन त्यांना कळलं नाही. एका हमालानं ओढलं म्हणून वाचले. सासूबाईंनी त्यांचं जाणं थांबवलं. माझ्या पदरात तेव्हा मुलगी होती. माझंही थांबलं.

वर्षभरानं रेवता आमचं घर शोधत आली. ओसरीवर मामांसमोर बसून ती बोलतच राहिली. मी पाटी पुढे केली, तर म्हणाली, "लिहू किती वं बाई? तोंडानं बोललं का मन हलकं होते." मामांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ते तिच्या तोंडाकडे बघत बसले होते, मांडीवर हात जोडून, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू सारं गाव त्यांच्याशी बोलत होतं. जाताना तिनं मला विचारलं, "तुमी कवा येता, मास्तरीणबाई? पोरं पुसतात." मी म्हटलं, "दिवाळीनंतर येते."

ती दिवाळी झाली. पुढच्या थंडीत मामा गेले. त्यानंतर कितीतरी दिवाळ्या झाल्या, आणि दर वेळी मला वाटतं, या वर्षी नक्की.