खंडेनवमीचा लॉगिन

लालबागच्या आमच्या कंपनीत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्यासाठी एसीची खोली बांधली. आम्ही क्लार्क बायका पंख्याखाली घाम पुसत बसायचो. त्या खोलीत शिरायचं तर चपला बाहेर. साहेबाला तो चालू करता येत नव्हता, पण किल्ली त्याच्याच खिशात. पुढे टेबलाटेबलावर कॉम्प्युटर आले आणि टायपिस्ट घरी गेल्या. मग दर नव्या साहेबाबरोबर नवी सिस्टिम. त्यांच्या बायका पडदे बदलतात तशा हे सिस्टिमा बदलायचे, आणि तीच गिऱ्हाइकं आम्ही पुन्हा पहिल्यापासून टाइप करायचो.

यंदा सगळं क्लाउडवर गेलं. क्लाउड म्हणजे काय हे साहेबालाही धड ठाऊक नाही. आता माणसं कमी लागतात, एवढं मात्र त्याला बरोब्बर कळलं. नवऱ्याचं डायलिसिस कंपनीच्या मेडिक्लेमवर चालतं. नोकरी गेली तर तो गेला, इतकं सरळ. मी जाऊन विचारलंही.

"ताई, तुमच्याशिवाय ऑफिस चालेल का? काहीतरीच!" माझ्या मुलाच्या वयाचा साहेब हसून म्हणाला. मी मूर्ख, मला ते खरं वाटलं.

आमच्याकडे खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा होते, दसऱ्याला सुट्टी म्हणून सोनंही त्याच दिवशी वाटतात, आणि पूजेचा मान ऑफिसातल्या सर्वांत जुन्या माणसाचा. म्हणजे माझा. मी स्क्रीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ वाढवला.

"आता नव्या सिस्टिममधली पहिली एन्ट्री ताईंच्या हातून!" साहेब म्हणाला. सगळ्यांनी मोबाइल वर केले. मी पासवर्ड टाकला. स्क्रीनवर आलं, हे खातं बंद आहे. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अरे, आजच बंद केलंस? दसऱ्यानंतर कर म्हटलेलं ना तुला!" साहेब आयटीवाल्यावर खेकसला. मग माझ्याकडे वळला. "सॉरी हां ताई. सोमवारी सांगणारच होतो."

"आणि मेडिक्लेम?"

"तो पण त्याच्यासोबतच बंद होतो. ऑटोमॅटिक आहे ना सगळं."

त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. तेवढ्यात तो वाकून माझ्या पाया पडला आणि आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं.

"सोनं घ्या, सोन्यासारखं राहा."

त्याच्यामागे बाकीच्यांची रांग लागली. एकेक जण वाकत होता, पान देत होता, आणि मी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी परळला नवऱ्याच्या डायलिसिसची पाळी होती.